मुंबईच्या फ्लॅटमधून डिजिटल मोडच्या हॅम स्पर्धा : सुरुवात आरटीटीवायपासून करावी की एफटी४-एफटी८पासून?

मुलुंड पूर्व

नमस्कार मंडळी. माझ्याकडे हौशी रेडिओचा (हॅम) जनरल श्रेणीचा परवाना असून मी घरून प्रामुख्याने एफटी८वर, म्हणजे संगणकाच्या मदतीने छोटे संदेश पाठवण्याच्या रेडिओ-पद्धतीवर, संपर्क करतो. आता एखाद्या आंतरराष्ट्रीय डिजिटल स्पर्धेत रीतसर उतरावे, लॉग (संपर्कांची नोंद) पाठवावा आणि निकालात आपला कॉलसाइन (केंद्राचे ओळखचिन्ह) पाहावा, अशी मनापासून इच्छा आहे.

आमची इमारत सात मजली आहे आणि घर चौथ्या मजल्यावर. गच्चीवर बारीक तार लावायला सोसायटीची हरकत नाही. मात्र खांब किंवा फिरणारी बीम अँटेना चालणार नाही, असे कमिटीने स्पष्ट सांगितले आहे. म्हणून पाण्याच्या टाकीपासून समोरच्या कठड्यापर्यंत सुमारे २० मीटर लांबीची, एका टोकाकडून फीड दिलेली अर्धतरंग तार ताणली आहे. ती ४०, २०, १५ आणि १० मीटर या चारही बँडवर (लहरपट्ट्यांवर) समाधानकारक चालते. ट्रान्सीव्हर १०० वॉटचा असून लॅपटॉपला यूएसबीने जोडलेला आहे. खरी अडचण रेडिओवर येणाऱ्या विद्युत गोंगाटाची आहे. ४० मीटरवर संध्याकाळी एस-मीटरचा (संकेताची ताकद दाखवणारा) काटा एस९च्या खाली क्वचितच उतरतो.

पहिल्या स्पर्धेसाठी कोणती निवड योग्य ठरेल आणि त्यासाठी आरटीटीवाय (रेडिओवरून टंकित मजकूर पाठवण्याची जुनी पद्धत) आधी शिकून घ्यावे का, हे जाणकारांनी सांगावे. गोंगाटावर फ्लॅटमध्ये राहून काय करता येईल, हेही कळले तर बरे होईल. याखेरीज एक शंका बरेच दिवस मनात आहे. एफटी८मध्ये ऐकण्याचे काम संगणक करतो आणि उत्तराचा मजकूरही तोच तयार करतो. मग या स्पर्धेत चालकाचे कौशल्य नेमके कुठे लागते? एका ज्येष्ठ परवानाधारकांनी हा प्रश्न मला विचारला आणि माझ्याकडे त्याचे समाधानकारक उत्तर नव्हते.

गिरगाव

तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती मनात राहिली तर चोवीस तासांच्या स्पर्धेत दुसऱ्याच तासाला उत्साह मावळेल.

एफटी८ हा मोड २०१७ साली आला. तो तयार करणाऱ्यांपैकी जो टेलर हे १९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ आहेत, तर दुसरे स्टीव्ह फ्रँकी. त्यातला प्रत्येक संदेश ७७ बिटांचा असतो आणि त्याला चुका दुरुस्त करणाऱ्या बिटांची जोड दिलेली असते, त्यामुळे संदेश एक तर पूर्ण उमटतो किंवा अजिबात उमटत नाही. तुटक अक्षरे कानाने जुळवण्याचे कसब इथे लागत नाही, हे त्या ज्येष्ठांचे म्हणणे खरे आहे. परंतु स्पर्धा केवळ अक्षरे ओळखण्याची कधीच नव्हती. कोणत्या वेळी कोणत्या बँडवर असावे, कुणाला हाक मारावी, किती वेळ मारावी आणि केव्हा सोडून द्यावे, हे सगळे निर्णय चालकाचेच असतात आणि गुणफलक त्यांच्यावरच ठरतो.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. एफटी८चा प्रत्येक खंड १५ सेकंदांचा असून त्यातले प्रक्षेपण सुमारे १२.६ सेकंद चालते. उरलेल्या दोनेक सेकंदांत पडद्यावर वीस-पंचवीस ओळी उमटतात. त्यात बर्लिनचे एक केंद्र उणे ३ डेसिबलने, म्हणजे खणखणीत ऐकू येत आहे आणि साओ पावलोचे एक केंद्र उणे १८ डेसिबलने जेमतेम तगून आहे. दोघेही सीक्यू देत आहेत, म्हणजे ‘कुणीही उत्तर द्या’ अशी हाक मारत आहेत. वर्ल्ड वाइड डिजी स्पर्धेत प्रत्येक संपर्काला एक गुण आणि अंतराच्या दर ३००० किलोमीटरमागे आणखी एक गुण मिळतो. बर्लिन मुंबईपासून सुमारे ६३०० किलोमीटरवर आहे, म्हणजे तीन गुण. साओ पावलो सुमारे १३,८०० किलोमीटरवर, म्हणजे पाच गुण. शिवाय ग्रिडच्या (केंद्राचे ठिकाण सांगणाऱ्या अक्षर-अंकी खुणेच्या) पहिल्या दोन अक्षरांचे प्रत्येक नवे क्षेत्र त्या बँडवर गुणक म्हणून, म्हणजे एकूण गुणांना गुणण्यासाठी, मोजले जाते. बर्लिनचे जेओ क्षेत्र संध्याकाळपासून तुमच्या लॉगमध्ये अनेकदा आलेले असेल, तर साओ पावलोचे जीजी अजून आलेले नसेल. तो क्षीण संकेत आणखी दोन मिनिटे टिकेल की तेवढ्यात मावळेल, हे संगणक सांगत नाही. ते तुम्हाला त्या बँडच्या आजवरच्या अनुभवावरून ठरवायचे असते आणि तेही पुढचा खंड सुरू होण्यापूर्वी. मला ही कसोटी मोर्सच्या स्पर्धेइतकीच खरी वाटते.

नियमांची भूमिकाही हीच आहे. माणसाविना आपोआप चालणाऱ्या केंद्राचे संपर्क या स्पर्धांमध्ये ग्राह्य धरले जात नाहीत. प्रत्येक संपर्क चालकाने त्या क्षणी स्वतः सुरू केलेला असावा लागतो. आपोआप सीक्यू देत राहणाऱ्या जोडप्रणाली मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आता निवडीविषयी. एफटी८ तुमच्या हातात बसलेले आहे, तेव्हा पहिली स्पर्धा वर्ल्ड वाइड डिजी असावी, असे माझे मत आहे. ती ऑगस्टच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असते. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) १२ वाजता सुरू होते, म्हणजे आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी साडेपाचला आणि रविवारी साडेपाचला संपते. एफटी४ (एफटी८चे वेगवान भावंड) आणि एफटी८ दोन्ही चालतात. देवाणघेवाण फक्त चार अक्षरी ग्रिडची असते, सिग्नल रिपोर्ट द्यावा लागत नाही. डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी४-एफटी८च्या संगणक-प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये विशेष स्पर्धांचा पर्याय आहे. तिथे डब्ल्यूडब्ल्यू डिजी निवडले की संदेशांचा क्रम आपोआप बदलतो. हे न करता नेहमीच्या पद्धतीने हाका मारल्या, तर समोरच्याला ग्रिडऐवजी रिपोर्ट जातो आणि दोघांचाही वेळ वाया जातो.

१०० वॉटपर्यंतच्या गटात नाव नोंदवा. शनिवारी संध्याकाळी १५ आणि १० मीटरवर युरोप ऐकू येत असेल तर आधी तिथेच राहा, कारण अंधार पडला की हे बँड मिटायला लागतात आणि २० मीटर मात्र रात्री उशिरापर्यंत साथ देतो. मध्यरात्रीनंतर ४० मीटर. पहाटे उजाडण्याच्या सुमारास २० मीटरवर अमेरिका खंडाकडे कान ठेवा. हा अवधी थोडा असतो, तेव्हा त्या वेळी झोप नको. सूर्य वर आला की १५ आणि १० मीटरवर जपान आणि अतिपूर्व, आणि दुपारनंतर पुन्हा युरोप.

जूनच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारी एआरआरएल या अमेरिकेतील हौशी रेडिओ संघटनेची आंतरराष्ट्रीय डिजिटल स्पर्धा असते. ती २०२२मध्ये सुरू झाली. तिच्यात गुणक नाहीत आणि दर ५०० किलोमीटरमागे एक गुण वाढतो. इथून न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. तो एक संपर्क २६ गुणांचा होतो, तर दिल्लीचा तीन गुणांचा. आपण अमेरिका आणि युरोपपासून दूर आहोत, याचा या मोजणीत सरळ लाभ होतो.

एफटी८वर संपर्काला साधारण एक मिनिट लागते, एफटी४वर त्याच्या निम्मे. २०१९मध्ये आलेले एफटी४ मुळात स्पर्धांसाठीच घडवलेले आहे. दिवसा उघड्या बँडवर एफटी४ आणि रात्री क्षीण संकेतांसाठी एफटी८, अशी विभागणी मला सोयीची वाटते.

७३

चेंबूर

गिरगावकरांनी डावपेच सांगितले आहेत, मी गोंगाटाबद्दल आणि स्वच्छ प्रक्षेपणाबद्दल लिहिते. मुंबईत स्पर्धा बहुतेक वेळा इथेच हातची जाते.

आधी गोंगाट घरातला की बाहेरचा, याचा निकाल लावा. ट्रान्सीव्हर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा, घराचा मेन स्विच बंद करा आणि ४० मीटरवर काट्याकडे पाहा. काटा खाली आला तर दोषी वस्तू घरातच आहे. मग एकेक एमसीबी चढवत जा. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे स्वस्त चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा किंवा राउटरचा अडॅप्टर, यांपैकी कुणीतरी सापडतेच. अडॅप्टर बदलण्याने जेवढा फरक पडतो, तेवढा नवी अँटेना लावूनही पडत नाही. काटा जागचा हलला नाही, तर शोध जिन्यात आणि गच्चीवर न्यावा लागतो. लिफ्ट हलते त्याच वेळी गोंगाट वाढत असेल तर लिफ्टचा मोटार-ड्राइव्ह कारणीभूत आहे. त्यावर आपला इलाज नाही, पण अँटेनेचे फीडचे टोक लिफ्टच्या खोलीपासून शक्य तितके दूर नेता येते.

ऑगस्टच्या स्पर्धेबाबत एक स्थानिक गोष्ट लक्षात ठेवा. काही वर्षी ती गणेशोत्सवाच्या दिवसांत किंवा त्याच्या तोंडावर येते. त्या दिवसांत समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांमध्ये एलईडीची तोरणे लागतात आणि वॉटरफॉलवर (पडद्यावरच्या वारंवारतांच्या सरकत्या चित्रात) ठरावीक अंतराने जाड, धूसर उभे पट्टे दिसू लागतात. तोरणाची उघडझाप होते तसे ते फिके-गडद होतात आणि अडॅप्टर तापत जातो तसे हळूहळू एका बाजूला सरकतात. शेजाऱ्यांना सणाचे दिवे बंद करायला सांगणे शोभणारे नाही. आमच्या मजल्यावरच्या काकूंना मी अडॅप्टरच्या वायरीवर बसवायला दोन फेराइट क्लिप दिल्या, त्या त्यांनी आनंदाने बसवून घेतल्या आणि २० मीटरवरचा पट्टा बराच पुसट झाला.

टोकाकडून फीड दिलेल्या तारेत कोअॅक्सचे (अँटेनेपासून घरात येणाऱ्या केबलचे) बाहेरचे आवरणही अँटेनेचा भाग बनते आणि इमारतीतला सगळा गोंगाट गोळा करून घरात आणते. त्यामुळे तारेच्या फीडच्या टोकाला असलेल्या ट्रान्सफॉर्मरपासून थोड्या अंतरावर, तसेच घरात शिरण्यापूर्वी, कोअॅक्सचे काही वेढे फेराइटच्या कड्यातून घेऊन चोक (आवरणावरचा प्रवाह अडवणारे वेटोळे) करावा. एचएफसाठी ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचे कडे चांगले. लॅमिंग्टन रोडवर कडी पुष्कळ मिळतात, पण मिश्रण कोणते ते दुकानदाराला ठाऊक असतेच असे नाही. म्हणून एक घेऊन आधी तपासावे आणि मगच जास्त घ्यावीत. याच चोकमुळे प्रक्षेपणाच्या वेळी यूएसबी तुटून लॅपटॉप ट्रान्सीव्हरला ओळखेनासा होण्याचा त्रासही बहुधा थांबतो.

प्रक्षेपणाच्या बाजूने माझा आग्रह एकच आहे : ऑडिओची पातळी एएलसी (जास्त झालेली पातळी आपोआप आवरणारी यंत्रणा) हलणार नाही इतकी ठेवा. स्पीच प्रोसेसर बंद असावा. स्पर्धेच्या दिवशी तीन किलोहर्ट्झच्या पट्टीत कितीतरी केंद्रे दाटीवाटीने बसलेली असतात. ऑडिओ जास्त झाला तर ७०० हर्ट्झवर पाठवलेल्या संकेताच्या सावल्या १४०० आणि २१०० हर्ट्झवरही उमटतात आणि तिथे कुणाचा तरी क्षीण संकेत झाकला जातो. डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये स्प्लिटसाठी (प्रक्षेपणाची आणि ऐकण्याची वारंवारता वेगळी ठेवण्यासाठी) ‘रिग’ किंवा ‘फेक इट’ निवडले की ऑडिओ नेहमी १५०० ते २००० हर्ट्झच्या दरम्यान राहतो आणि या सावल्या ट्रान्सीव्हरच्या फिल्टरबाहेर पडतात. पाच वॉट कमी गेले तरी चालेल, संकेत स्वच्छ असला पाहिजे. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून आधीच जुळवून ठेवा; एका सेकंदापलीकडे चुकले की डीकोड होणे घटत जाते.

जून आणि ऑगस्ट या दोन्ही स्पर्धा पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यात येतात. ट्रान्सफॉर्मरची डबी आणि कनेक्टर सेल्फ-अॅमलगमेटिंग टेपने नीट गुंडाळावेत, कारण इथल्या खाऱ्या हवेत पितळ लवकर हिरवे पडते. आणि विजा चमकू लागल्या की कोअॅक्स सोडवून बाहेर ठेवावी, मग हातात कितीही चांगला संपर्क असो.

बोरिवली

मी आरटीटीवायच्या बाजूने लिहितो. गिरगावकरांनी पहिल्या स्पर्धेसाठी जे सुचवले आहे ते योग्यच आहे. परंतु आरटीटीवायकडे मागच्या काळातला अवशेष म्हणून पाहू नका. क्षीण संकेत झेलण्यात एफटी४ त्याच्या सुमारे १० डेसिबलने पुढे आहे, हे मान्य. तरीही वेग, बँडभर मोकळेपणाने फिरणे आणि समोरच्या माणसाची लकब ओळखणे यात जी रंगत आहे, ती मला पंधरा सेकंदांच्या खंडांत मिळत नाही.

आरटीटीवाय पाच बिटांच्या बॉडो संकेतावर चालते. पाच बिटांत ३२च जोड्या होतात, त्यामुळे अक्षरे आणि अंक तेच संकेत वाटून घेतात आणि मधे ‘आता अंक’, ‘आता अक्षरे’ असे बदलाचे चिन्ह जाते. गोंगाटात ते चिन्ह हरवले की अंकांच्या जागी अक्षरे उमटतात. कीबोर्डच्या वरच्या ओळीत क्यू म्हणजे १, डब्ल्यू म्हणजे २, टी म्हणजे ५ आणि ओ म्हणजे ९. म्हणून पडद्यावर ‘टीओओ’ दिसले की ते ५९९ (नेहमीचा सिग्नल रिपोर्ट) असते. आपले सीक्यू क्षेत्र (जगाच्या क्रमांकित भागांपैकी आपला) २२, ते समोरच्याला ‘डब्ल्यूडब्ल्यू’ असे दिसू शकते. सरावलेला चालक हे मनातल्या मनात उलगडून लॉगमध्ये बरोबर लिहितो. मुलुंडच्या मित्रांना ज्येष्ठांनी विचारलेल्या प्रश्नाचे एक उत्तर इथेही आहे, कारण आरटीटीवायमध्ये अर्धवट मजकुरातून खरे काय ते ठरवणे अजून माणसाकडेच आहे.

सप्टेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्ड वाइड आरटीटीवाय असते. शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होऊन ४८ तास चालते. दुसऱ्या खंडातील केंद्राला तीन गुण, आशियातल्या दुसऱ्या देशाला दोन, भारतातल्याला एक. क्षेत्र २२मध्ये भारताबरोबर श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि मालदीव येतात, आणि या साऱ्या प्रदेशातून आरटीटीवायवर येणारी केंद्रे मोजकीच असतात. त्यामुळे साध्या तारेवरून तुम्ही सीक्यू दिलेत तरी गुणकासाठी लोक तुम्हाला शोधत येतात. युरोपातल्या मोठ्या केंद्रांना रांगेत थांबून हाक मारण्यापेक्षा एखादी मोकळी जागा पाहून तिथे ठाण मांडावे. फेब्रुवारीतली डब्ल्यूपीएक्स आरटीटीवाय ही स्पर्धा तर हवामानाच्या दृष्टीने आपल्यासाठी सर्वांत सुखाची.

तयारी फार लागत नाही. एमएमटीटीवाय किंवा एफएलडिजी हा आरटीटीवायचा प्रोग्राम घ्या, तो संपर्कांची नोंद ठेवणाऱ्या एन१एमएम लॉगर प्लसला जोडा, ४५.४५ बॉड आणि १७० हर्ट्झ हेच प्रमाण आहे. मात्र शक्ती ४०-५० वॉटवर आणा. आरटीटीवायमध्ये बटण दाबल्यापासून सोडेपर्यंत पूर्ण शक्ती सतत जाते आणि १०० वॉटचा सर्वसाधारण ट्रान्सीव्हर त्या ओझ्याने सीक्यू देता देता चांगलाच तापतो.

मुलुंड पूर्व

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभारी आहे. मेन स्विच बंद करून पाहिले. ४० मीटरवर काटा एस९वरून एस६पर्यंत उतरला आणि कारण राउटरचा अडॅप्टर निघाला. ऑगस्टमध्ये वर्ल्ड वाइड डिजी करायचे निश्चित केले आहे.

आणखी दोन शंका आहेत. माझ्या मामांचे घर गिरगावात आहे आणि तिथली गच्ची आमच्यापेक्षा मोकळी आहे. परवान्याच्या अटींनुसार जे करावे लागेल ते करून स्पर्धा तिथून खेळलो तर ग्रिड बदलेल का? दुसरे असे की, समोरच्याकडून शेवटचा ७३ (शुभेच्छांसह निरोप) आला नाही तर तो संपर्क लॉगमध्ये ठेवावा की काढावा?

गिरगाव

ग्रिड बदलेल. १९ अंश उत्तर अक्षांशाची रेषा परळच्या आसपासून जाते. तिच्या उत्तरेला दादर, चेंबूर, बोरिवली, मुलुंड हे सगळे एमके६९मध्ये, तर भायखळा, गिरगाव, फोर्ट, कुलाबा एमके६८मध्ये येतात. एमके क्षेत्र दोन्हीकडे तेच राहते, त्यामुळे समोरच्याच्या गुणकात फरक पडत नाही. पण पाठवलेला आणि लॉगमध्ये लिहिलेला ग्रिड एकच आणि खरा असावा लागतो. डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या सेटिंगमध्ये तो बदलायचा राहिला तर तुमच्या प्रत्येक संदेशातून चुकीचा ग्रिड जाईल, म्हणून मामांकडे पोहोचल्यावर पहिले काम तेच करा. जाता जाता सांगतो, नागपूर एमएलमध्ये आणि चेन्नई एनकेमध्ये येते, तेव्हा देशातल्या केंद्रांनाही अवश्य हाक मारा. गुण एकच मिळतो, पण गुणक नवा असू शकतो.

शेवटच्या ७३ची वाट पाहू नका. समोरच्याकडून ‘आर’सह ग्रिड आला आणि तुम्ही आरआर७३ (‘मिळाले, निरोप’) पाठवलेत की संपर्क लॉग करा. त्याने तोच संदेश पुन्हा पाठवला तर तुमचा आरआर७३ त्याला मिळालेला नाही असे समजून तो परत पाठवा, नाहीतर तो तुम्हाला लॉगमध्ये घेणार नाही आणि पडताळणीत तुमचा संपर्क बाद होईल. आधी झालेल्या केंद्राने पुन्हा हाक मारली तर त्याला नाकारू नका. त्याच्याकडे पहिला संपर्क नोंदला गेलेला नसण्याची शक्यता बरीच असते, आणि नकार देण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात संपर्क पूर्ण होतो. लॉगमधून अशी दुबार नोंद काढूही नका.

लॉग कॅब्रिलो या ठरावीक मजकूर-फाइलच्या स्वरूपात पाठवायचा असतो. एन१एमएम तो थेट तयार करून देतो. पाठवण्यापूर्वी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून वरच्या ओळींतला गट, शक्ती आणि ग्रिड वाचून पाहा, आणि वेळा यूटीसीमध्येच आहेत याची खात्री करा. मुदत थोडी असते, सीक्यूच्या आरटीटीवाय स्पर्धेत तर पाचच दिवसांची. म्हणून रविवारी संध्याकाळी साडेपाचला स्पर्धा संपली की जेवायला उठण्यापूर्वी लॉग पाठवून द्या. संपर्क थोडेच झाले असले तरी पाठवा. तुमच्याशी बोललेल्या केंद्रांच्या नोंदी तुमच्या लॉगशीच ताडून पाहिल्या जातात.

७३